वचन तेच, मग शिकवण कशी बदलली?

प्रश्न असा विचारला आहे: ‘बायबल कधी बदलत नाही असं ख्रिस्ती लोक सांगतात. पण एकेकाळी व्याज घेणं पाप होतं, आज चर्चच्या संस्थाच बँकेत ठेवी ठेवतात. गुलाम बाळगणं चालत होतं, आज ते घोर पाप मानलं जातं. मग नेमकं बदललं काय? की प्रत्येक पिढी आपल्या सोयीचा अर्थ काढते आणि त्यावर देवाचं नाव लावते?’

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. पहिला इतिहासाचा: शिकवण बदलली का? याचं उत्तर देताना आढेवेढे घेण्याचं कारण नाही. बदलली, आणि काही बाबतींत पूर्ण उलटी झाली. दुसरा प्रश्न अवघड आहे: तो बदल वचनाशी प्रामाणिक राहून झाला की वारा पाहून पाठ फिरवली, हे ओळखायचं कसं? ‘काहीच बदललं नाही’ म्हणणारा श्रद्धाळू आणि ‘सगळंच सोयीचं’ म्हणणारा टीकाकार, दोघेही या दुसऱ्या प्रश्नाला बगल देतात. मी शिकवताना सगळा वेळ त्यालाच देतो, इथेही तेच करतो.

उत्तर कोणत्या मंडळीचं हवं यावर बरंच अवलंबून आहे. कॅथलिक (रोमच्या पोपला मानणारे), ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ग्रीक परंपरेतले) आणि प्रॉटेस्टंट (सोळाव्या शतकात रोमपासून वेगळे झालेले) यांची स्पष्टीकरणं सारखी नाहीत. ती पुढे येतीलच. पण त्याआधी एक सवय लावून घ्यावी लागते. कुठलाही बदल समोर आला की विचारायचं: बदल कोणत्या थरावर झाला?

कधी पाठच बदलतो, म्हणजे मूळ मजकूर कोणता याबद्दलची समजूत. मार्कचं शुभवर्तमान सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत १६:८ ला संपतं. पुढच्या बारा ओव्या त्यांत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ७:५३ ते ८:११) या दोहोंतही नाही. म्हणूनच आजच्या बहुतेक भाषांतरांत हे उतारे कंसात किंवा तळटीपेसह छापतात. कधी फक्त भाषांतर बदलतं. रोमकरांस १६:७ मध्ये पौल जिला सलाम सांगतो ती युनिया स्त्री होती हे चौथ्या शतकातल्या ख्रिसोस्तम या ग्रीक धर्मोपदेशकाला ठाऊक होतं, त्याने तिची स्तुतीही केली आहे. तरी विसाव्या शतकातल्या कित्येक आवृत्त्यांनी ते नाव पुरुषाचं करून छापलं आणि शतक संपता संपता ते पुन्हा स्त्रीचं झालं. म्हणजे इथे ‘नवा’ अर्थच जुना होता. कधी केवळ शिस्त बदलते: लॅटिन परंपरेतल्या धर्मगुरूंनी लग्न करू नये हा नियम आहे, पण रोमशी एकरूप असलेल्या पौर्वात्य कॅथलिक मंडळ्यांत विवाहित धर्मगुरू आजही आहेत, आणि हा नियम बदलू शकतो हे रोम स्वतःच मानतं. या तीन थरांवरच्या बदलांनी कुणाचा विश्वास हलायला नको. खरा वाद उरलेल्या दोन थरांवर आहे: वचनाचा अर्थ आणि त्या अर्थावर उभा राहिलेला सिद्धान्त.

आता बायबल उघडा. अर्थ बदलण्याची सुरुवात चर्चने केली असं पुष्कळांना वाटतं, पण ती खुद्द शास्त्राच्या पानांत झाली आहे. अनुवाद २३:१ सांगतं की ज्याचं पुरुषत्व छेदलेलं आहे त्याने परमेश्वराच्या मंडळीत जाऊ नये. यशया ५६:३ ते ५ मध्ये तोच परमेश्वर शब्बाथ पाळणाऱ्या षंढांना आपल्या मंदिरात पुत्र आणि कन्या यांच्याहून श्रेष्ठ नाव देण्याचं वचन देतो. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूशी षंढ रथात बसून यशयाच वाचत असतो. बाप्तिस्म्याला काय अडचण आहे, असं तो फिलिप्पाला विचारतो. जुनं वचन पाहिलं तर अडचण होती. फिलिप्प मात्र पाण्यात उतरतो. तसंच अनुवाद २३:३ मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत बाहेर ठेवतं, आणि रूथ ही मवाबी बाई दाविदाची पणजी ठरते. निर्गम २०:५ मध्ये वडिलांच्या अपराधाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीला लागते. यहेज्केल १८ ठासून सांगतो की मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही. येशू घटस्फोटाबद्दल म्हणतो की मोशेने ती सूट तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे दिली (मत्तय १९:८). म्हणजे शास्त्रात लिहिलेली एखादी परवानगी देवाचं अंतिम मत नसू शकते, हे येशूने सांगितलं आहे. हे वाक्य पुढे गुलामगिरीच्या वादात फार मोलाचं ठरतं.

पण सगळ्यात नीट पाहायचा प्रसंग म्हणजे प्रेषितांची कृत्ये १५, इसवी सन ४९-५० च्या सुमारास यरुशलेमेत भरलेली सभा. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांची सुंता व्हायला हवी की नको, हा वाद होता. शब्दांचं बळ पूर्णपणे ‘हवी’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने होतं. उत्पत्ती १७:१३ सुंतेला निरंतरचा करार म्हणतं, आणि ‘पुढे तो संपेल’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. निर्णय कसा झाला तो क्रम बघा. आधी मोठा वाद झाला. मग पेत्राने घडलेली गोष्ट मांडली: सुंता न झालेल्या लोकांवर पवित्र आत्मा उतरला, आपल्यात आणि त्यांच्यात देवाने भेद केला नाही. मग बर्णबा आणि पौल यांनी आपल्या कामाचा वृत्तान्त दिला. त्यानंतर याकोबाने शास्त्राकडे वळून आमोस ९ वाचला, आणि तोही ग्रीक भाषांतराच्या वळणाने; हिब्रूत तिथे ‘अदोमाचे अवशेष’ आहेत, ग्रीकमध्ये ‘उरलेली माणसं’. शेवटी पत्र गेलं: ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले’. अनुभव, साक्ष, शास्त्राचं पुनर्वाचन आणि सर्वांची संमती, असे चार घटक त्यात आहेत. यातला एकही गाळला तर पद्धत मोडते. नुसत्या अनुभवावर निर्णय झाला असता तर आमोसची गरज नव्हती. नुसत्या वचनावर झाला असता तर सुंता राहिली असती.

याच सभेची पुढची कहाणी कमी लोकांना माहीत असते. त्या पत्रात परराष्ट्रीयांवर चार बंधनं घातली होती: मूर्तींना वाहिलेले पदार्थ, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहा. बंधन प्रेषितांचं, आत्म्याच्या नावाने घातलेलं. पण पौलानेच करिंथकरांस लिहिताना मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा प्रश्न बराच मोकळा सोडला: मूर्ती काहीच नाही, मात्र दुबळ्या भावाला अडखळण होईल तिथे खाऊ नका. रक्ताबद्दल पूर्वेची ग्रीक आणि पश्चिमेची लॅटिन मंडळी वेगळ्या झाल्या. ६९२ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये भरलेल्या त्रुल्लो सभेने रक्त खाणाऱ्या धर्मगुरूला पदच्युती आणि सामान्य माणसाला बहिष्कार अशी शिक्षा ठरवली. पश्चिमेत बिशप ऑगस्टीनच्या काळापासूनच (इ.स. ४०० च्या सुमारास) हे बंधन ढिलं होत गेलं होतं, आणि १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने त्याचं कारणही लिहून ठेवलं: यहुदी आणि परराष्ट्रीय यांना एका पंगतीत बसता यावं म्हणून हा नियम होता, ते कारण संपलं तसा नियमही संपला. आजही यहोवाचे साक्षीदार हा पंथ याच ओळीवरून रक्त चढवून घेणं नाकारतात. एकच ओळ आणि तीन निष्कर्ष. फरक पडतो तो एका प्रश्नाने: हुकूम का दिला होता, हे धरायचं की हुकूम काय होता, हे?

आता तीन मोठी स्पष्टीकरणं.

कॅथलिक स्पष्टीकरण वाढीचं आहे. मुळाशी एक कल्पना आहे: प्रेषितांना दिलेली ठेव पूर्ण आहे, पण ती सगळी एकदम उमगलेली नाही. त्यासाठी योहान १६:१२-१३ पुढे केलं जातं: पुष्कळ गोष्टी सांगायच्या आहेत, पण आता तुम्हांला त्या सोसवणार नाहीत, सत्याचा आत्मा तुम्हांला सर्व सत्यात नेईल. ४३४ च्या सुमारास लेरिन्सच्या व्हिन्सेंट या मठवासीने दोन शब्द वेगळे केले: वाढ आणि पालट. लहान मुलाचे अवयव मोठे होतात तेव्हा माणूस तोच राहतो. अवयवांची संख्याच बदलली तर ते दुसरंच काही झालं. पुढे १८४५ मध्ये जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज धर्मशास्त्र्याने खऱ्या वाढीची सात लक्षणं मांडली. त्यातली दोन व्यवहारात सर्वांत उपयोगी पडतात: नव्या शिकवणीची चाहूल आधीपासून कुठे दिसते का, आणि ती जुन्याचं रक्षण करते की त्याला खोडून टाकते?

या स्पष्टीकरणाचं उत्तम उदाहरण ३२५ ची नायसियाची सभा. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असं तिने जाहीर केलं. तो ग्रीक शब्द बायबलमध्ये नाही, आणि विरोधकांनी नेमका तोच आक्षेप घेतला. सभेची बाजू लढवणाऱ्या अथनासियसने दिलेलं कारण शिकण्यासारखं आहे. सभेला आधी शास्त्रातलेच शब्द वापरायचे होते. ‘पुत्र देवापासून आहे’ असं म्हणावं, तर पुत्र हा निर्माण केलेला आहे असं शिकवणाऱ्या एरियसचे अनुयायीही होकार देत, कारण त्यांच्या मते सगळंच देवापासून आहे (१ करिंथकरांस ८:६). शास्त्राचे शब्द दोन्ही पक्ष म्हणू शकत होते. अर्थ वेगळा होता. तो अर्थ राखायला बाहेरचा शब्द घ्यावा लागला. नुसती वचनं म्हणत राहिल्याने अर्थ टिकत नाही, हे तेव्हापासून स्पष्ट आहे.

ऑर्थोडॉक्स मंडळी ‘विकास’ या शब्दाला सहसा बिचकतात. विश्वास तोच आहे, धर्मसभा फक्त त्याला कुंपण घालते, असं त्यांचं म्हणणं. त्यांची कसोटी स्वीकाराची आहे: सभेने ठरवलं म्हणून ते खरं होत नाही, संपूर्ण मंडळीने ते आपलं म्हणून ओळखावं लागतं. ७५४ च्या हिएरियाच्या सभेत तीनशेहून अधिक बिशप होते आणि त्यांनी पवित्र प्रतिमांना विरोध केला. ७८७ मध्ये दुसऱ्या नायसिया सभेने तिला धर्मसभा मानायलाच नकार दिला. १४३९ मध्ये रोमशी ऐक्याच्या करारावर पूर्वेच्या जवळजवळ सर्व प्रतिनिधींनी सही केली, एफिससचा बिशप मार्क तेवढा अडून राहिला. घरी परतल्यावर लोकांनी तो करार नाकारला. या कसोटीची ताकद दिसतेच, अडचणही दिसते: स्वीकार झाला की नाही हे कळायला कधीकधी काही पिढ्या जातात, आणि आज निर्णय घेणाऱ्याला तिचा आधार मिळत नाही.

प्रॉटेस्टंट स्पष्टीकरण सुधारणेचं आहे. चर्च चुकू शकतं, चुकलं आहे, आणि शास्त्राकडे परत जाऊन दुरुस्त होतं. १६४७ चा वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार (प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचं श्रद्धेचं अधिकृत निवेदन) साफ सांगतो की प्रेषितांनंतरच्या सभा चुकू शकतात आणि अनेक चुकल्या आहेत. हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला: १७८८ मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीने त्याच अंगीकारातला, धर्मात राज्यकर्त्याच्या अधिकाराबद्दलचा भाग बदलला. या भूमिकेचा मोठा गुण म्हणजे ‘आम्ही चुकलो’ हे म्हणायला तिच्यात जागा आहे. तिची अडचण अशी की दुरुस्ती म्हणजे काय यावर मतभेद झाला तर निवाडा करणारं कुणी नाही, आणि मग मंडळी फुटते. मेथडिस्ट परंपरेत शास्त्राबरोबर परंपरा, बुद्धी आणि अनुभव यांनाही स्थान देतात, शास्त्र पहिलं ठेवून. कृत्ये १५ च्या रचनेशी हे बरंच जुळतं.

तुम्ही दिलेली दोन उदाहरणं आता या कसोट्यांवर घासून पाहू, कारण ती दोन्ही एका जातीची नाहीत.

व्याज. निर्गम २२:२५, लेवीय २५:३६, अनुवाद २३:१९ आणि स्तोत्र १५ या सगळ्यांत वाढीदिढीला मनाई आहे. हिब्रूत त्यासाठी असलेला एक शब्द ‘चावा’ या अर्थाच्या धातूतून येतो. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन सभेने उघड सावकारी करणाऱ्याला प्रभुभोजन आणि ख्रिस्ती दफन नाकारलं. १३११-१२ च्या व्हिएनच्या सभेने तर व्याज पाप नाही असा हट्ट धरणाऱ्याला पाखंडी ठरवण्याचा हुकूम काढला. पण त्याच शतकांत धर्मशास्त्री एक बारीक भेद करत होते: कर्जावर नफा मागणं वेगळं आणि कर्ज दिल्याने झालेलं नुकसान, बुडालेली कमाई, मुद्दलाची जोखीम किंवा परतफेडीला झालेला उशीर यांची भरपाई मागणं वेगळं. १५४५ मध्ये प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनने एका पत्रात म्हटलं की पैसा वांझ असतो हा युक्तिवादच लंगडा आहे, कारण पैशाने घेतलेल्या घराला भाडं येतं; पण गरिबाकडून व्याज घ्यायचं नाही, ही अट त्याने ठेवली. १७४५ मध्ये पोप चौदाव्या बेनेडिक्टने जुनी मनाई पुन्हा सांगितली आणि भरपाईच्या वाटा मान्य केल्या. १९१७ च्या कॅथलिक कायदेसंहितेने कायद्याने ठरलेलं व्याज आकारायला वाव दिला.

याला पालट म्हणायचं की वाढ? शास्त्रातलं कर्ज म्हणजे उपाशी शेजाऱ्याला दिलेलं धान्य किंवा पैसा, आणि जहाजात गुंतवलेलं भांडवल म्हणजे वेगळी वस्तू, असं मानलं तर नियम टिकला आणि ज्याला तो लावायचा ती वस्तू बदलली. मला हे स्पष्टीकरण पुरेसं वाटतं, पण एका अटीवर: नियम अजून कुठेतरी चावला पाहिजे. नडलेल्या माणसाला भरमसाट दराने कर्ज देणाऱ्याविरुद्ध मंडळी आज काही बोलत नसेल, तर तिने नियमाचा अर्थ वाढवला नाही, नियम सोडून दिला.

गुलामगिरीचं तसं नाही. इथे ‘वाढ’ हा शब्द वापरणाऱ्याला मी थांबवतो. इफिसकरांस ६:५ दासांना आज्ञा पाळायला सांगतं, लेवीय २५:४४ ते ४६ परक्या दासांना वंशपरंपरागत मालमत्ता ठरवतं. वचनं मोजली तर गुलामगिरीच्या समर्थकांकडे थेट वचनं जास्त होती, हे मान्य करावं लागतं. विरोधकांनी तीन गोष्टी केल्या. एक, दुर्लक्षित वचनं पुढे आणली: माणूस चोरून विकणाऱ्याला निर्गम २१:१६ मृत्युदंड देतं, आणि आफ्रिकेतून होणारा सगळा व्यापार त्या चोरीवरच उभा होता. दोन, मोठ्या वचनांना लहान वचनांवर अधिकार दिला: देवाचं प्रतिरूप (उत्पत्ती १:२७), ‘दास नाही, स्वतंत्र नाही’ (गलतीकरांस ३:२८), आणि अनेसिम या दासाला ‘दासापेक्षा श्रेष्ठ, प्रिय बंधू’ म्हणून स्वीकार असं सांगणारं फिलेमोनाचं पत्र. तीन, समर्थकांचं वाचन चुकीचं असल्याचं दाखवलं. ‘हामाचा शाप’ (काळे लोक शापित हामाचे वंशज, म्हणून दास, हा दावा) हे त्याचं ठळक उदाहरण: उत्पत्ती ९:२५ मध्ये शाप हामाला नाहीच, कनानाला आहे, आणि कातडीच्या रंगाचा तिथे उल्लेखही नाही. हा युक्तिवाद अगदी नवा होता असंही नाही. चौथ्या शतकात निसाचा बिशप ग्रेगरी याने उपदेशकाच्या पुस्तकावर बोलताना विचारलं होतं की देवाच्या प्रतिरूपाची किंमत कोण ठरवणार.

तरीही चौथ्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत बहुतेक मंडळ्यांनी गुलामगिरी चालवून घेतली. १४५२ मध्ये पोप पाचव्या निकोलसने पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर अख्रिस्ती लोकांना कायमचं दास्यात टाकण्याची मुभा दिली. १५३७ मध्ये तिसऱ्या पॉलने अमेरिकेतल्या मूळ लोकांना दास करण्याला मनाई केली. १८३९ मध्ये सोळाव्या ग्रेगरीने गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. आणि १८६६ मध्ये रोमच्याच एका कार्यालयाने गुलामगिरी निसर्गनियमाच्या सर्वस्वी विरुद्ध नाही असं उत्तर दिलं. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन सभेने तिची गणना लाजिरवाण्या अपराधांत केली. अमेरिकेत १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या क्वेकर या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी निषेध लिहिला, आणि फिलाडेल्फियाच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेला गुलाम बाळगणाऱ्यांना बाहेर काढायला १७७६ साल उजाडलं. सदर्न बॅप्टिस्ट मंडळी १८४५ मध्ये गुलाम-मालकांच्या बाजूने वेगळी झाली आणि १९९५ मध्ये तिने क्षमा मागितली. ही रेघ बीजातून झाड झाल्यासारखी सरळ नाही. यासाठी ख्रिस्ती माणसाकडे एक जुना, चांगला शब्द आहे: पश्चात्ताप. तो वापरायच्या ठिकाणी ‘विकास’ वापरला की जखमी माणसाला आपण सांगतो, तुझी जखम आमच्या वाढीचा टप्पा होती. हे बोलू नये.

याच्या मधली काही उदाहरणं आहेत. १८६४ मध्ये पोप नवव्या पायसने निषिद्ध मतांच्या यादीत धर्मस्वातंत्र्याचं विधान घातलं. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन सभेने धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क म्हटला. पोप सोळाव्या बेनेडिक्टने २००५ मध्ये त्यावर भाष्य करताना म्हटलं की खऱ्या सुधारणेत वेगवेगळ्या थरांवर सातत्य आणि खंड दोन्ही असतात. मी सुरुवातीला थर पाहायला सांगितले ते यासाठीच. फाशीच्या शिक्षेबद्दल २०१८ मध्ये कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २२६७ बदलला आणि ती अस्वीकार्य ठरवली. व्हॅटिकनच्या स्वतःच्या कायद्यातून ती १९६९ मध्ये गेली होती. हा विकास की पालट, यावर कॅथलिक विद्वानांतच वाद चालू आहे.

आता चुका कुठे होतात ते. सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘शब्दशः अर्थ तो जुना आणि लाक्षणिक तो नवा’ हे गृहीत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीनला उत्पत्तीतले सहा दिवस साधे दिवस वाटत नव्हते, आणि निसर्गाबद्दल अडाणीपणे बोलून वर शास्त्राचा दाखला देणाऱ्या ख्रिस्ती माणसांबद्दल त्याने कडक इशारा दिला होता. मध्ययुगात एका ओवीचे चार अर्थ शिकवत: घटना, ख्रिस्ताकडे निर्देश, आचरण आणि अंतिम आशा. उलट, मोठ्या संकटाच्या आधी विश्वासणारे गुपचूप उचलले जातील ही आज अनेकांना प्राचीन वाटणारी शिकवण १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बीने मांडली आणि १९०९ च्या स्कोफिल्डच्या टीपांसहित बायबलने घरोघरी पोचवली. ‘आमच्या आजीच्या चर्चमध्ये हेच शिकवत’ म्हणजे दोन हजार वर्षं असं होत नाही. दुसरी चूक, वचन कुणाला सोयीचं आहे हे न पाहणं. गुलामगिरीचं समर्थन वाचणाऱ्याच्या खिशात पैसा घालत होतं. क्वेकरांनी अर्थ बदलला तेव्हा त्यांचाच खिसा रिकामा झाला. पण ही कसोटी एकटी पुरत नाही: व्याजाचा नवा अर्थ व्यापाऱ्यांना सोयीचाच होता. तिसरी चूक म्हणजे एक बदल बरोबर ठरला म्हणून पुढचा आपोआप बरोबर मानणं, किंवा एक चुकला म्हणून सगळेच नाकारणं.

आजच्या वादांतही भांडण मुख्यतः याच तिसऱ्या मुद्द्यावर आहे. स्त्रियांच्या दीक्षेबद्दल चर्च ऑफ इंग्लंडने १९९४ मध्ये पहिल्या स्त्री धर्मगुरूंना दीक्षा दिली. त्याच वर्षी पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी आपल्याला तसा अधिकारच नाही असं जाहीर केलं. एक बाजू पौलाच्या पत्रातल्या फीबी आणि युनिया या स्त्रिया दाखवते, दुसरी १ तीमथ्य २:१२ (स्त्रीला शिकवण्याची परवानगी नाही). समलिंगी विवाहाच्या वादात समर्थक कृत्ये १५ आणि गुलामगिरी यांच्याशी तुलना करतात. विरोधक म्हणतात की त्या दोन्ही ठिकाणी शास्त्रातच उलट दिशेची वचनं होती, इथे तशी नाहीत. तुमचं मत कुठलंही असो, तुलना का लागू पडते किंवा पडत नाही हे वचनं आणि कारणं देऊन दाखवावं लागेल. ‘काळ बदलला’ हे कारण पुरत नाही, आणि ‘नेहमी असंच होतं’ हेही पुरत नाही, कारण पुष्कळदा नेहमी तसं नव्हतं.

स्वतः करून पाहायचं असेल तर अनुवाद २३, यशया ५६ आणि कृत्ये ८ एका बैठकीत वाचा. दुसऱ्या दिवशी कृत्ये १५ घ्या आणि कागदावर दोन रकाने करा: एकात घडलेल्या गोष्टीवरचे युक्तिवाद, दुसऱ्यात शास्त्रावरचे. मग त्या पत्रातले चार नियम लिहा. प्रत्येकापुढे नोंद करा की तुमची मंडळी तो आज पाळते का, आणि पाळत नसेल तर तुमचा पाळक किंवा धर्मगुरू त्याचं काय कारण देतो. ते कारण मग इतर कुठल्या वचनाला लागू पडतं आणि कुठल्याला नाही, हे त्यांनाच विचारा.